कंटाळा नक्की कधी येतो?

"मॅडम, पिवळा बेल्ट मिळेपर्यंत उड्या मारत गेला. आता म्हणतो, कंटाळा आला." मी मुलांची समुपदेशक; कराटेच्या क्लासबद्दलचं हे गाऱ्हाणं दर पावसाळ्यात ऐकते. पाठोपाठ फीचा आकडा येतो, मग "अर्धवट सोडायची सवय लागली तर?"

नऊ वर्षांच्या ओमची (नाव बदललंय) आई त्यातलीच. बाबांनी सायकल कबूल करून पाहिली होती. आठवडाभर गेला, पुन्हा पोटदुखी. अशा आमिषांचं मला वावडंच आहे. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना चित्रं काढण्यासाठी बक्षीस कबूल केलं, तर पुढे ती मुलं आपणहून कमी चित्रं काढू लागली.

दोन भेटी ओम "बोअर होतं" यापलीकडे गेला नाही. 'का' विचारलं की मुलं मोठ्यांना पटेल ते सांगतात. म्हणून विचारलं, "तासाभरात कंटाळा कधी येतो? वॉर्म-अपला?"

"नाही, तेव्हा मज्जा येते."

"पंचेसना?"

"नाही. कातामध्ये." म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचालींत. मग हळूच, "मध्येच."

"दाखव बरं."

खुर्च्या सरकवल्या. हेइआन शोदान, 21 हालचालींची, नवशिक्यांची काता. ओकिनावातल्या इतोसु अंको यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी शाळकरी मुलांसाठी बेतलेल्या पाचांपैकी एक. डावीकडे वळून खालचा ब्लॉक, पाऊल टाकून पंच, गर्रकन मागे. पोरगं सुरेख करत होतं. मग डोक्यावरचे तीन ब्लॉक. तिसऱ्याला कियाई, म्हणजे पोटातून आरोळी. ओमचा हात वर गेला, तोंड उघडलं, आवाज आलाच नाही.

"आरोळी?"

टी-शर्टचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाला, "सर म्हणाले, मांजराचं पिल्लू ओरडलं. सगळे हसले."

मी मानसशास्त्रज्ञ अॅडलरच्या वळणाची. एखादं वागणं मुलाच्या काय उपयोगाला येतंय, ते आधी पाहते. ओमचा कंटाळा त्याला त्या हसण्यापासून वाचवत होता. सायकल तिथे काय करणार? 'का'ऐवजी 'कधी' हा प्रश्न मला बऱ्याच वर्षांनी सुचला, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला जरा अभिमानच आहे.

घरी आजोबांची झोप मोडू नये म्हणून ओमला सतत "हळू बोल" ऐकावं लागे. म्हणून ठरलं, बाबांनी गच्चीवर ओमकडून काता शिकायची, आरोळीसकट. बाबांचा तोल जायचा, ओम पोट धरून हसायचा. सरांशी आई एकटीच बोलली, ओमला सोबत न नेता. त्यांनी ते गमतीत म्हटलं होतं; पुढे ते कियाई अख्ख्या रांगेकडून एकदम घेऊ लागले.

सगळी मुलं ओम नसतात. कुणाला पुढचा बेल्ट लांबला की मरगळ येते, कुणाला कुमितेत, म्हणजे जोडीनं लढताना, समोरच्याची भीती वाटते, कुणाला खरोखरच फुटबॉल हवा असतो. तेही 'कधी' विचारल्यावरच कळतं. मात्र क्लासमध्ये मारहाण होतेय असं दिसलं, तर समुपदेशकाची वाट पाहू नका, त्याच दिवशी क्लास थांबवा.

या खेपेची ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा, ओमनं दिली नाही. क्लास एकही बुडवलेला नाही. परवा आईचा फोन आला, "सगळं छान आहे हो मॅडम, पण ऑरेंज बेल्ट कधी?"