रोज खिशात ठेवायला लॉक नसलेला, परवडणारा घडीचा चाकू कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय: सुतळी, पार्सल, फळं एवढ्यापुरता, लॉक (उघडलेलं पातं अडकवून धरणारा खटका) नसलेला, फार महाग नसलेला चाकू सुचवा. आणि शेवटी जोडलंय, 'स्टेनलेसची धार टिकत नाही म्हणतात, मग कार्बन स्टीलचाच घेऊ का?' या शेवटच्या ओळीसाठी उत्तर लिहायला बसलोय. आमच्या दाजींचं हेच म्हणणं गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि ते चूक आहे.

दाजींची बाग तासगावकडे. चाकू जत्रेतला, स्टेनलेस पात्याचा. मिटला की पात्याचं टोक मुठीच्या वर केसभर डोकवायचं, खिशाला भोकं पडायची. धारवाल्याने पात्याच्या बुडाला कानस मारून दिली, टोक आत गेलं, सगळे खूश. तिथून पुढे धार दोन दिवस टिकेना. पातं उजेडात तिरकं धरलं की धारेवर मधोमध तीनेक मिलिमीटरची एक चकाकती रेघ दिसायची. चांगली धार अशी चकाकत नाही. चकाकली म्हणजे तिथे ती चपटी झालीय. बाकीची धार शाबूत, सुतळी नेमकी तेवढ्या जागेवर अडकायची. दाजी म्हणाले, स्टेनलेस म्हणजे असलंच.

स्टेनलेसचा इथे काडीचा संबंध नव्हता. घडीच्या चाकूत पात्याच्या बुडाशी, धारेच्या बाजूला, छोटा उंचवटा असतो. त्याला टाच म्हणू. चाकू मिटला की पातं या टाचेवर टेकतं आणि धार आतल्या स्प्रिंगच्या, म्हणजे मुठीच्या पाठीला असलेल्या, पातं ताणून धरणाऱ्या पट्टीच्या, जराशी वर, अधांतरी राहते. टाच घासली की पातं खोल बसतं. टोक लपतं खरं, पण धार स्प्रिंगवर आपटायला लागते. त्यात दाजींना चाकू 'खट्ट' करून मिटायची हौस. जोरात मिटला की टाचेच्या धक्क्याने स्प्रिंग क्षणभर दबते आणि पातं आणखी आत जातं. हळू मिटताना न लागणारी धारसुद्धा मग लागते. इथे कार्बन स्टील काय करणार? तेही चपटंच होणार, वर गंजणार.

घासलेली टाच परत येत नाही. वेल्डिंगने भरायला जाल तर उष्णतेने पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरेल. धार लावायच्या ४०० नंबरच्या (जाडसर) दगडावर चपटी जागा जाईपर्यंत अख्खी धार सारखी घासायची, दर बाजूला साधारण १५ ते २० अंश, मग १००० नंबरवर (बारीक) साफ करायची. धार मागे सरकली की स्प्रिंगपासूनचं अंतर तेवढं वाढतं. फक्त चपटी जागा घासत बसलात तर तिथे खळगा पडतो आणि पुढे दोरी कापताना तो जाणवतो. चाकावर धार लावून घेऊ नका; पातं निळं पडलं की पाणी उतरलंच समजा. आणि मिटताना पात्याची पाठ चिमटीत धरून शेवटपर्यंत हळू टेकवायची.

म्हणून दुकानात आधी स्प्रिंग बघा, स्टील नंतर. वर्तमानपत्राची बारीक पट्टी मुठीच्या खोबणीत, स्प्रिंगवर ठेवा आणि चाकू मिटा. एकदा हळू, एकदा पातं हातातून सोडून देऊन. पट्टी कापली गेली तर तो चाकू तिथेच ठेवून द्या. मग उजेडाकडे धरून स्प्रिंग आणि मुठीच्या पत्र्यांमध्ये फट दिसते का बघा. फटीत पाणी आणि द्राक्षाचा रस शिरतो, गंज आतून लागतो. पातं उघडून चिमटीत धरून आडवं हलवा, अजिबात हलता कामा नये. नख मोडेल इतकी कडक स्प्रिंगही नको, ओल्या हातांनी असला चाकू उघडता येत नाही.

मॉडेलच हवं असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचा कॅडेट. मिटलेला ८४ मिमी, वजन ५० ग्रॅमच्या आत, मूठ ॲल्युमिनियमची, स्प्रिंगचं काम चोख. स्टीलचा कडकपणा रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास, म्हणजे फार कडक नाही, पण घरच्या दगडावर पाच मिनिटांत धार परत येते. त्यांचाच ९१ मिमीचा स्पार्टनही चालेल; त्यातला बूच काढायचा स्क्रू आपल्याकडे सुतळीच्या गाठी सोडवायला कामाला येतो. ओपिनेल नंबर ८ सगळे सुचवतील, पण त्याला फिरणारी लॉकची कडी आहे आणि पाठीला स्प्रिंगच नाही, म्हणजे तुम्ही विचारलेला प्रकारच नव्हे. शिवाय लाकडी मूठ महाबळेश्वर-पाटणच्या पावसात फुगते आणि पातं आत अडकतं. मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटलं की पातं जरा बाहेर येतं, पण हे रोज कोण करणार? कार्बनचाच हट्ट असेल तर फ्रान्सचा डूक-डूक आहे: घडी घातलेल्या पत्र्याची मूठ, पातळ पातं, स्प्रिंग मात्र दणकट. कार्बनला धार पटकन चढते हे मान्य. पण कैरी, लिंबू कापलं की पातं काळं पडणार आणि घामट खिशात पावसाळाभर पुसत बसावं लागणार.

रस लागून चाकू जड उघडायला लागला तर कोमट पाण्यात चार-पाच वेळा उघडमीट करा, पूर्ण वाळवा, सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका. खोबरेल नको. २४ अंशांच्या खाली ते गोठतं आणि साताऱ्याच्या थंडीत सकाळी चाकू उघडत नाही. फळं कापायची असतील तर तेल लावल्यावर पातं पुसून घ्या.

राहिलंच. लॉक नाही म्हणजे टोकाने भोसकायचं काम नाही. शहाळ्याला भोक पाडायला गेलात तर पातं मिटून बोटांवर येईल. पाठीवर दाब पडेल असं काहीच करू नका. शस्त्र नियमांमध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, तुमचा चाकू त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी सण, मोर्चे, निवडणुकीच्या वेळी जिल्ह्यात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे आदेश निघतात, त्यांत सुरेही येतात; त्या दिवसांत चाकू घरी ठेवा. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. आणि बटण दाबून उघडणारा खटक्याचा चाकू हजारात मिळतोय म्हणून घेऊ नका, तो दिसला की पोलीस सुतळीचं कारण ऐकून घेत नाहीत.