आजीचा आवाज नातवंडांपर्यंत कसा पोहोचेल?

प्रश्न : आजीच्या गप्पांच्या कॅसेट काही वर्षांपूर्वी मी एमपी३ करून सीडीवर उतरवल्या. वडिलांनी जुन्या संगणकावर टाइप केलेले लेखही आहेत, पण आता फाइल उघडली की भलतीच अक्षरं दिसतात. सगळं क्लाउडवर टाकलंय. नातवंडांपर्यंत हे टिकेल ना?
— एक वाचक

उत्तर : आधी सांगा, मूळ कॅसेट अजून आहेत ना? असल्या तर कुणालाही टाकू देऊ नका. एमपी३ करताना फाइल लहान व्हावी म्हणून आवाजातला काही भाग गाळला जातो आणि तो नंतर परत मिळत नाही. त्या पुन्हा उतरवून घ्या, या वेळी आवाज न गाळणाऱ्या वेव्ह (WAV) फाइलमध्ये, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्‌झवर. ध्वनिसंग्रहात आम्ही हेच माप धरतो. यात चालढकल नको, कारण चांगले कॅसेट प्लेअर आणि ते दुरुस्त करणारी माणसं दोन्ही कमी होत चालली आहेत. घरी लिहिलेल्या सीडीचा तर भरवसाच धरू नका. तिच्यातला रंगाचा थर उजेडाने आणि उष्णतेने खराब होतो, म्हणून तिच्यावरचं आजच काढून घ्या.

आता वडिलांचे लेख. ते गेलेले नाहीत, धीर धरा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या बहुतेक मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाइलमध्ये साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फाँट नसला की तीच समोर येतात. फाइल वर्ड प्रोसेसरमध्ये उघडून मजकूर निवडा, फाँटच्या चौकटीत जुनं नाव बहुधा दिसेल. त्या फाँटसाठीचं कन्व्हर्टर शोधून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मग ओळ न ओळ वाचून काढा. पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं इथे हमखास घोळ होतो. दुरुस्त मजकुराची एक प्रत पीडीएफ/ए प्रकारात करा, त्यात फाँट फाइलच्या आतच राहतो. जुनी फाइलही तशीच जपा.

हे मोठमोठ्या संस्थांनाही चुकलेलं नाही. १९८६ साली बीबीसीने ब्रिटनमधल्या हजारो शाळांच्या मदतीने गावोगावची माहिती आणि छायाचित्रं लेझर डिस्कवर भरली. निमित्त होतं इंग्लंडमधल्या जमिनींची नोंद असलेल्या १०८६च्या ‘डोम्सडे बुक’ला नऊशे वर्षं झाल्याचं. वीस वर्षंही लोटली नाहीत तोच त्या तबकड्या वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवायला संशोधकांना वेगळा प्रकल्प उभारावा लागला. चर्मपत्रावरचं मूळ पुस्तक आजही वाचता येतं.

क्लाउड असू द्या, पण ती एक प्रत समजा. लोकांची वेबपानं ठेवणारं जिओसिटीज २००९मध्ये बंद झालं. मायस्पेस या समाजमाध्यमावर लोकांनी २०१५पर्यंत चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, हे २०१९मध्ये उघड झालं. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, एवढं तरी हवंच. हार्ड डिस्क दरवर्षी लावून फाइली उघडून बघा आणि दर चार-पाच वर्षांनी नवीन डिस्कवर हलवा. घरात कुणी संगणकातलं जाणकार असेल तर प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा आकडा, काढून ठेवायला सांगा. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी तो आकडा बदलतो, त्यामुळे बिघाड लगेच कळतो.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. संग्रहात आमच्याकडे स्वच्छ, खणखणीत ध्वनिमुद्रणं येतात आणि फाइलचं नाव असतं ‘ट्रॅक ०७’. बोलणारं कोण, साल कोणतं, मध्येच हसलेली बाई कोण, हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. तंत्रज्ञ फाइल वाचवू शकतो, ही माहिती नाही. तुमच्या घरात ती सांगणारी माणसं आज आहेत. त्यांना आजीच्या कॅसेट ऐकवा. कोण कुणाबद्दल बोलतंय, कोणता प्रसंग, ते विचारून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि ती त्याच फोल्डरमध्ये ठेवा. कागदावरही एक प्रत काढा.

आणि क्लाउडचा पासवर्ड घरातल्या आणखी एकाला तरी माहीत असू द्या. पुढे हा संग्रह एखाद्या ग्रंथालयाला द्यायचं मनात आलं, तर आजीच्या बोलण्यात आलेल्या इतरांच्या खासगी गोष्टी कुणाला ऐकू द्यायच्या, हे भावंडांनी बसून आधी ठरवा आणि तसं लेखी द्या.