पद्मिनी घेऊ की एट हंड्रेड?

पहिलीच जुनी गाडी असेल तर मारुती ८०० घे. प्रीमियर पद्मिनीचा नाद नंतर कर.

दोन्ही जुन्याच म्हणायच्या, पण मध्ये अख्खी पिढी गेलीय. पद्मिनी म्हणजे मुळात १९६०च्या दशकातली फियाट ११००. १०८९ सीसी, मागच्या चाकांना ताकद, गिअर स्टिअरिंगजवळ. ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये; ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद पुढच्या चाकांना.

एप्रिलच्या दुपारी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढलास की फरक कळेल. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. तो तापला की पेट्रोलची वाफ होते आणि गाडी ऐन वळणावर मान टाकते. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि गप उभं राहायचं. (मजा यातच आहे म्हणणारे लोक आहेत. मीही त्यातलाच.) एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या नंतरच्या ८००चा पंप टाकीत असतो, तिथं ही भानगड नाही.

पत्र्याचं दुखणं मात्र दोघींनाही. साताऱ्याच्या पावसात उभी राहिलेली गाडी वरून चकाचक आणि खालून चाळण असू शकते. दाराखालच्या पट्टीवर लोहचुंबक फिरव. चिकटलं नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलीय. मॅटखाली हात घाल, ओल लागली तर भाव पाड.

पद्मिनीचाच हट्ट असेल तर गाडीआधी मेकॅनिक शोध. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) इंजिनचा आवाज ऐकून कानानं लावणारे आता मोजकेच. आणि आरसीवरचे इंजिन-चासी नंबर गाडीशी जुळवल्याशिवाय, पासिंगची तारीख बघितल्याशिवाय इसार देऊ नकोस.