मेंदूतील रक्तस्रावाचे कोडिंग (निदानाला ठरावीक सांकेतिक क्रमांक देणे) करताना ‘ब्रेन हॅमरेज’ एवढी नोंद पुरेशी आहे का?

पुरेशी नाही. आयसीडी-१० मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात) पहिला फाटा कारणाचा असतो: रक्तस्राव आपोआप झाला असेल तर ‘आय’ गटातील कोड लागतो, डोक्याला मार लागून झाला असेल तर ‘एस०६’ मधील. त्यामुळे ‘रुग्ण पडला’ एवढेच लिहिणे धोक्याचे, कारण पडल्यामुळे रक्तस्राव झाला की रक्तस्रावामुळे रुग्ण पडला, हे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिल्याशिवाय कोडरला ठरवता येत नाही, आणि त्याने ते अंदाजाने ठरवूही नये.

त्यानंतर जागा येते. सबअरॅक्नॉइड (मेंदूवरील अरॅक्नॉइड आवरणाखालील) रक्तस्रावासाठी आय६०, मेंदूच्या ऊतींतील रक्तस्रावासाठी आय६१, आघाताविना झालेल्या सबड्युरल (ड्युरा या बाहेरच्या आवरणाखालील) रक्तस्रावासाठी आय६२.० असे कोड आहेत. आय६१ मध्येही मस्तिष्कस्तंभाला (ब्रेनस्टेम) .३ आणि अनुमस्तिष्काला (सेरेबेलम) .४ असा भेद आहे. सीटी स्कॅनच्या अहवालात जागा नेमकी दिलेली असूनही डिस्चार्ज समरीत ती उतरत नाही आणि शेवटी आय६१.९ हा मोघम कोड पडतो, ही माझ्या मते सर्वांत टाळता येण्याजोगी चूक आहे. शंका असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी विचारणा करावी, मात्र प्रश्नातूनच उत्तर सुचवू नये. रक्त पातळ करणारी औषधे, उच्च रक्तदाब आणि शुद्धीची पातळी यांची नोंदही स्वतंत्रपणे असावी.