आमच्यानंतर याचं कसं होणार?

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे आईवडील हा प्रश्न विचारतात, तेव्हा बहुतेक वेळा मुलगा शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो. त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलणं चालतं. त्या दिवशी मीही तेच केलं.

सुहास (नाव बदललं आहे) ३१ वर्षांचा. निवासी संस्थेत जाऊन तीन महिने झालेले. तिथली तक्रार अशी, की सकाळी कपडे घालू देत नाही, हात झटकतो, एकदा तर काळजीवाहकाला ढकललं.

"घरी कधी असं केलं नाही हो मॅडम," आई म्हणाली. "आम्ही टाकलं असं वाटत असेल का त्याला?"

मी तिला विचारलं, "त्याला कुठला शर्ट आवडतो?"

ती बोलणार, तेवढ्यात जमिनीकडे बघत सुहास म्हणाला, "मला विचारा."

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सना मी गुरू मानते. समोरच्याचं ऐकणं हेच निम्मं औषध, असं इतकी वर्षं शिकवत आले, आणि ऐकायचं कोणाचं तेच विसरले होते! मग त्यालाच विचारलं. उत्तर येईना. आईने दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी हातानेच थांबवलं. मनात चौदापर्यंत मोजून झालं तेव्हा तो म्हणाला, "निळा. बटणं मी."

घरी त्याची बटणं आई लावायची, प्रेमाने. संस्थेत काळजीवाहक लावायचे, घाईने, कारण एकाच माणसाला सहाजणांना तयार करायचं असतं. दोन्हीकडे सुहासचे हात रिकामेच.

संस्थेशी बोलून आम्ही एवढंच ठरवलं. रात्रीच दोन शर्ट समोर धरायचे, तो हात लावेल तो सकाळसाठी. वरची बटणं काळजीवाहकाने लावायची, शेवटचं त्याच्यासाठी सोडायचं. ते जमलं की शेवटची दोन. शिकवताना शेवटाकडून सुरुवात केली, की काम पुरं झाल्याचं समाधान पहिल्याच दिवशी त्याला मिळतं. माझ्या अनुभवात हे सहसा फसत नाही. ढकलाढकली थांबली. गळ्याचं बटण अजून जमत नाही; तिथे तो हनुवटी वर करून उभा राहतो.

"उलटसुलट लावली तर लोक हसतील ना," ही आईची पुढची भीती. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या हक्कांविषयी लिहिणारे अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ साली मांडलं होतं, की जपण्याच्या नादात चुकायची संधीच काढून घेतली, तर माणसाचा मानही जातो. मी तिला सोप्या शब्दांत सांगितलं, "एक दिवस वाकडा शर्ट घालून फिरू दे." आणि हे फक्त शर्टापुरतं नाही. खोलीत शिरण्याआधी दार वाजवा, व्हीलचेअरला हात लावण्याआधी विचारा, प्रश्न विचारलात तर उत्तरासाठी थांबा. कोणासोबत आणि कुठे राहायचं हे निवडण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारात लिहिलेला आहे. पण ज्याला कधी शर्टही निवडू दिला नाही, तो तेवढी मोठी निवड कशी करणार?

परवा आईचा फोन आला. रविवारी न्यायला येते म्हटल्यावर सुहास म्हणाला होता, "नको. मॅच आहे."

"स्वतःच ठरवून मोकळा!" ती म्हणाली. "मला विचारलंसुद्धा नाही."