केबिनचे पैसे आधी झोपेवर घाल

चि. पोरास,
काकाचे आशीर्वाद.

तू पाठवलेले ट्रकच्या केबिनचे फोटो पाहिले. गाडी जुनी असली तरी बरी राखलेली दिसते, शेठनं भरवशानं हाती दिली म्हणायची. पण लेका, फोटोत चार स्पीकर आहेत, छताला निळ्या लाइटांची माळ आहे, समोरच्या काचेला झालर आहे आणि मागच्या बर्थवर नुसत्या फळीवर चादर! पंधरा हजार गाठीला आहेत, कशावर घालू, असं विचारतोस. फोनवर सांगितलं असतं तर अर्धं विसरला असतास, म्हणून लिहितो.

तुझी खेप पांढरकवड्याहून कोइमतूर, कापसाच्या गाठींची. पाटणबोरी, पिंपळखुटी ओलांडली की आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, बंगळूर, सेलम. जायचेच बाराशे-तेराशे किलोमीटर होतात. इतक्या वाटेत माणूस कुठेतरी झोपणारच. गाडी उभी करून झोपायचं की स्टेअरिंगवर, एवढंच आपल्या हातात. म्हणून पहिला पैसा गादीवर.

फोमची गादी घेऊ नकोस. उन्हाळ्यात ती तापते आणि पाठ घामानं भिजते. गावातल्या पिंजाऱ्याकडून बर्थच्या मापाची कापसाची गादी भरून घे, जरा कडक. आपण कापूस पिकवणाऱ्या मुलखातले आणि आपलेच डायवर फळीवर झोपतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. दोन्ही खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी शिवून चिकटपट्टीनं लाव, म्हणजे काचा उघड्या ठेवून झोपता येईल. बंद केबिनमध्ये मच्छर अगरबत्ती जाळायची नाही, आणि थंडीत शेगडी तर मुळीच नाही. त्या धुराचा विषारी वायू वास देत नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. काचेवर काळी फिल्म नको. सुप्रीम कोर्टानं २०१२ सालीच ती बंद केली, आणि रात्री आरशात काही दिसत नाही ते वेगळंच. कापडी पडदा कर. गाडी उभी असली की लावायचा, चालू असली की बांधून ठेवायचा.

आता गर्मी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि मोठ्या ट्रकांना कंपनीतूनच एसी केबिन द्यावी लागते. तुझी गाडी त्याच्या कितीतरी आधीची, तेव्हा मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन तुलाच निस्तरायचं आहे. बाहेरून इंजिनावर चालणारा एसी बसवून देणारे भेटतील. तो गाडी चालू असेपर्यंत ठीक. उभ्या गाडीत झोपताना इंजिन चालू ठेवलं तर डिझेल जळतं, आणि सायलेन्सरची लाइन कुठे फुटलेली असली तर तोच विषारी वायू केबिनमध्ये शिरतो. शिवाय तुझ्या पंधरा हजारांत तो बसणारही नाही.

त्यापेक्षा गर्मी कुठून येते ते आधी हात लावून बघ. अर्धी गर्मी उन्हाची असते, अर्धी पायाजवळच्या इंजिनाची. दोन सीटांमधलं बोनेट उचल आणि त्याच्या कडेचं रबर पाहा. जुन्या गाडीत ते कडक होऊन तुटलेलं असतं, तिथून गरम वाफ आणि धूर सरळ आत येतो. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबरी बूटही बहुतेक फाटलेलं असेल. ही दोन रबरं बदल आणि बोनेटच्या आतून उष्णता अडवणारा चमकीचा जाड पत्रा लावून घे. बोनेटवर बाहेरून गोधडी टाकतात लोक, त्यानं बसायला मऊ होतं, गर्मी तिथेच राहते. टपाला पांढरा रंग मार, आतल्या छताच्या खाली थर्माकोलऐवजी न पेटणारं अस्तर घाल. या कामाला फार पैसे लागत नाहीत आणि एसी नसतानाही फरक कळतो. मग २४ व्होल्टचे दोन पंखे, एक तुझ्याकडे, एक बर्थकडे. टपावर बसवायचा पाण्याचा छोटा कूलरही मिळतो. आपल्या कोरड्या हवेत तो झकास चालतो, पण पावसाळ्यात किंवा समुद्राकडच्या दमट मुलखात काही कामाचा नाही.

पाणी भरपूर ठेव. पूर्वी आमच्या गाडीच्या पुढे छागल, म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, लटकलेली असायची, वाऱ्यानं पाणी गार राहायचं. आता छागल शोधावी लागते. वीस लिटरचा कॅन ठेव, बाटलीला ओलं फडकं गुंडाळ. मीठ-साखरेची पुडी आणि कांदा बरोबर असू दे. घरून आंबील भरून देत असतील तर लाजू नकोस.

पंखा म्हटला की वायरिंग आलं, आणि इथे नीट ऐक. ट्रकमध्ये बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट करतात. गल्लीतला मिस्त्री तुझा टेप आणि मोबाइलचा चार्जर एकाच बॅटरीवरून काढून देईल, 'काही होत नाही' म्हणेल. होतं असं, की ती एक बॅटरी रोज उतरत जाते, आणि चार्जिंग दोघींना सारखंच मिळत असल्यानं दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तिचं पाणी उकळून जातं. सहा महिन्यांत शेठ विचारतो, बॅटऱ्या काऊन गेल्या? चोवीसचं बारा करणारा कन्व्हर्टर लाव. बॅटरीपाशीच फ्यूज टाकायला सांग. वायर पत्र्यातून जाते तिथे भोकात रबर बसव, नाही तं हादऱ्यानं घासून साल निघते.

त्या निळ्या माळेचे जोड मला फोटोत दिसले, नुसती टेप गुंडाळलेली. तुझ्या पाठीमागे कापूस आहे, पोरा. एका दाबलेल्या गाठीत पावणेदोनशे किलोच्या जवळपास कापूस असतो, आणि ठिणगी आत शिरली की तो वरून शांत दिसत आतल्या आत धुमसतो. माळ काढून टाक. गाठी भरलेल्या गाडीत विडी नाही, आणि स्वयंपाकाचा छोटा सिलेंडर केबिनमध्ये नाही. चेसिसला बाहेरून जाळीची पेटी लावून त्यात ठेव, आणि स्वयंपाक गाडीपासून लांब, उघड्यावर. आग विझवायचं सिलेंडर एबीसी पावडरचं घे, काटा हिरव्यात आहे ना ते पाहून. डायवरच्या दाराशी लाव. सीटखाली कोंबलेलं वेळेवर निघत नाही. महिन्यातून एकदा उलटंसुलटं करून हलव, हादऱ्यानं पावडर तळाशी बसते. गाठींतून धूर दिसला तर वर चढून गाठी ओढायच्या भानगडीत पडू नकोस. गाडी वस्तीपासून, पेट्रोल पंपापासून दूर घे, उतर आणि ११२ लाव.

सीटचं थोडक्यात. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा जरासा वाकलेला राहिला पाहिजे, कंबर मागे टेकलेली पाहिजे. कंबरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी पुरते. मण्यांचं कव्हर घाल, हवा खेळते. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेव. एका कुल्ल्यावर दिवसभर बसलं की पायात कळ उतरते. बेल्टचा हूक सीटखाली सरकला असेल तर काढून घे आणि वापर.

झालर काढ. देव राहू दे, पण डॅशबोर्डच्या कोपऱ्यात आणि बोटभर उंचीचा. नजरेच्या रस्त्यात नको. डाव्या पुढच्या कोपऱ्यात मोटारसायकलवाला पूर्ण झाकला जातो, तिथे खाली बघणारा गोल आरसा लाव. तुला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटा, लागतो हे मला माहीत आहे. चालत्या गाडीत पन्नी घोटायला दोन्ही हात सुटतात, आणि थुंकून थुंकून उजवा आरसा लाल होतो तो वेगळा. खर्ऱ्यानं झोप उडते हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे, तोंड तेवढं चालू राहतं.

केबिनमध्ये सुटी वस्तू म्हणजे वैरी. पाण्याची बाटली घरंगळून ब्रेकखाली गेली की पाय दाबून उपयोग नाही. जॅक, पाने, चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे, सगळं कडीच्या पेटीत. रिफ्लेक्टरचा त्रिकोण मात्र हाताशी ठेव. गाडी बंद पडली तर दगड आणि झाडाच्या फांद्या रस्त्यावर मांडायच्या नाहीत. त्या नंतर कुणी उचलत नाही.

झोपेचं अजून थोडं. रात्री दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपसूक सुस्तावतं, कितीही पक्का डायवर असो. साठच्या स्पीडला डोळा ४ सेकंद लागला तर गाडी ६५ मीटरच्या वर आंधळी जाते, आणि रात्री त्याच पट्ट्यात रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवं येतं. खिडकी उघडणं, गाणी मोठी लावणं यानं पाच-दहा मिनिटं निघतात. जांभया सुरू झाल्या की ढाब्यावर लाव, चहा पी आणि लगेच वीस मिनिटं आडवा हो. चहा अंगात उतरायला तेवढाच वेळ घेतो. उठल्यावर तोंड धू, चाकाभोवती एक चक्कर मार, मगच निघ. जागं राहायच्या गोळ्या कुणी दिल्या तर घेऊ नकोस. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा, २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत, दिवसाला आठ तास काम सांगायचा. आपल्या धंद्यात तो कोण पाळायचं, तूही जाणतोस. तरी एवढ्या लांबच्या खेपेला दुसरा डायवर माग. क्लीनरला स्टेअरिंग देऊन तू झोपणं म्हणजे दुसरा डायवर नव्हे.

पैशाचं असं कर. गादी, जाळी, पडदा, पंखे, बोनेटची रबरं, कन्व्हर्टर, हे तुझ्या पंधरा हजारांतून. आरसे, बेल्ट, आगीचं सिलेंडर, त्रिकोण आणि मागचा लाल रिफ्लेक्टर टेप हे गाडीचं सामान आहे, ते शेठकडून घे. कुरकुर केली तर सांग, पासिंगला आरटीओ आरसे आणि रिफ्लेक्टर बघतोच, आज ना उद्या घ्यावेच लागतील. ब्रेकच्या हवेचं प्रेशर कमी झाल्यावर वाजणारा बझर आधीच्या डायवरनं वायर ओढून बंद केला असेल, तोही त्याच खर्चात चालू करून घे. स्पीकर चारातले दोन विकून टाक, वणीला गिऱ्हाईक मिळेल.

तुझा,
काका