माहितीपत्रकावरचे चौदा लोगो

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी यंदा बी.कॉम. झाली. एका खासगी कंपनीच्या ऑनलाइन एमबीएसाठी हनुमाननगरच्या घरी रोज तीन-तीन फोन येतात. 'आजच सीट ब्लॉक करा, वीस हजार सूट', फी अडीच लाख, तीही हप्त्यांनी. मुलगी अडून बसली आहे, आणि नाही म्हटलं तर तिचं नुकसान होईल, ही तुमची धास्ती. माझं मत आधीच सांगतो: या आठवड्यात कुठेही सही करू नका.

तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर चौदा नामांकित कंपन्यांचे लोगो आहेत. त्यांचं या अभ्यासक्रमाशी नातं काय, याबद्दल एक ओळही नाही. ते पान पाहिलं आणि मला अमेरिकेतलं फिनिक्स विद्यापीठ आठवलं. जॉन स्पर्लिंग यांनी १९७६ साली ते काढलं, नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी. कल्पना खरंच चांगली होती. दिवसा कामावर जाणाऱ्यांना तोवर फारसं कुणी विचारत नव्हतं. १९९४ मध्ये विद्यापीठाची मालक कंपनी शेअर बाजारात आली. मग दर तिमाहीला प्रवेश वाढलेच पाहिजेत, असं झालं. प्रवेशांच्या आकड्यावर भरती करणाऱ्यांचा पगार ठरतो, असा ठपका अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००४ मध्ये ठेवला. २०१० च्या सुमारास विद्यार्थी साडेचार लाखांवर गेले, आणि पुढच्या काही वर्षांत दीड लाखाच्या आत आले. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांशी आपलं साटंलोटं आहे, असं भासवणाऱ्या जाहिरातींबद्दल २०१९ मध्ये १९.१ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. त्यात मुलांनी विद्यापीठाला द्यायची थकबाकी माफ झाली, पण मुलांनी सरकारकडून घेतलेलं कर्ज त्या तडजोडीने सुटलं नाही.

मला काळजी आहे ती अशाच कर्जाची. दोन वर्षांपूर्वी मानेवाड्याचा एक मुलगा फाइल घेऊन माझ्याकडे आला. संस्थेच्या दाराला कुलूप, समुपदेशकाचा फोन बंद, पण दर महिन्याच्या पाच तारखेला हप्त्याचा मेसेज न चुकता येत होता. आपण फी हप्त्यांनी भरतोय, असं तो समजून चालला होता. कागद उघडले तेव्हा कळलं की ते फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. पूर्ण फी संस्थेच्या खात्यात पहिल्याच महिन्यात गेली होती आणि सही त्याच्या वडिलांची होती. वडील माझ्यासमोर बराच वेळ ती सही नुसती बघत बसले.

म्हणून तुम्हाला फोन करणाऱ्या कंपनीच्या समुपदेशकाला फोनवर नाही, ईमेलवर विचारा: पदवी नेमकी कोणत्या विद्यापीठाची? मागच्या तुकडीत प्रवेश किती, नोकरी किती जणांना, पगार काय? हप्ते तुम्ही घेणार की फायनान्स कंपनी? मधेच सोडलं तर पैसे किती परत? विद्यापीठाचं नाव कळलं की त्याला या ऑनलाइन अभ्यासक्रमाची परवानगी आहे का, ते यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, संकेतस्थळावर स्वतः पाहा. (यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत आपल्या नागपूरचंही एक नाव आहे, म्हणून एवढं बजावतोय.)

मुलीला मात्र रागावू नका. पुढे शिकायचं म्हणते, ते बरोबरच आहे. नागपूर विद्यापीठाचं एम.कॉम. आहे, अमरावती रोडवर इग्नूचं प्रादेशिक केंद्र आहे. आणि इतवारी-गांधीबागेत एखाद्या सीएकडे जीएसटी, टॅलीचं काम वर्षभर केलं तर हातात पगार येईल, अनुभवही येईल. एमबीए त्यानंतरही करता येतं, आणि तेव्हा कशात करायचं हे तिला जास्त नीट कळेल.

शनिवारी दुपारी तिला घेऊन या. येताना त्यांनी पाठवलेला कर्जाचा मसुदा आणा, प्रत्येक पान. ते आपण तिघं बसून वाचू, आणि मोठ्याने तिलाच वाचायला सांगू.